नया थिएटर : नाचाच्या मांडवातून घडलेली संस्था

नाट्यसंस्थेचा इतिहास लिहावयास बसणारा मनुष्य साधारणतः दफ्तरापासून आरंभ करतो. संस्था कोणत्या साली स्थापन झाली, संस्थापक कोण, कार्यकारी मंडळात कोणकोण होते, पहिला प्रयोग कोठे झाला, नंतर कोणती पारितोषिके मिळाली आणि कोणत्या साली परदेशगमन घडले, एवढा मजकूर त्यास कागदपत्रांत आयता सापडतो, आणि तो कालक्रमाने मांडला की इतिहास लिहून झाला असे समाधानही लाभते. नया थिएटरच्या बाबतीत हा मार्ग पत्करला तर १९५९ साली दिल्लीत हबीब तन्वीर आणि मोनिका मिश्र या उभयतांनी ही संस्था काढली, १९८२ साली एडिंबरा येथील नाट्यमहोत्सवात ‘चरणदास चोर’ या तिच्या नाटकास फ्रिंज फर्स्ट हे पारितोषिक मिळाले आणि ८ जून २००९ रोजी तन्वीर भोपाळ येथे निवर्तले, असा एक निर्दोष परंतु अर्धा वृत्तान्त तयार होईल. अर्धा अशासाठी की, ज्या नाटकांमुळे या संस्थेचे नाव झाले ती नाटके टेबलाशी बसून लिहिली गेली नाहीत. ती ज्यांच्या मुखातून, गळ्यातून आणि पायांतून तालमीच्या जागी आकारास आली त्यांतील बहुतेकांना स्वतःच्या नावाची सही करण्यापलीकडे लेखणीचा उपयोग ठाऊक नव्हता, आणि म्हणून दफ्तरात त्यांची वाणी उतरली नाही. तन्वीर यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाईल, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखात मात्र संस्था म्हणजे तिची नटमंडळी, असे गृहीत धरून चालण्याचे योजिले आहे.

हबीब तन्वीर यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे झाला. रायपूर त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत असे आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. सबब रायपूरच्या लॉरी म्युनिसिपल हायस्कुलातून मॅट्रिक झालेल्या या तरुणाने पदवीसाठी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात यावे, आणि १९४४ साली तेथून बी. ए. व्हावे, यात त्या काळच्या मानाने नवल नव्हते. पुढे काही काळ अलीगढ, मग १९४५ पासून मुंबई. तेथे आकाशवाणी, नियतकालिके, चित्रपट आणि लोकनाट्य संघ अर्थात ‘इप्टा’, असा त्यांचा संचार झाला. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या शाहिरीने मुंबईच्या कामगारवस्त्या दुमदुमत होत्या तो हाच काळ. लोककलावंताच्या अंगी जी ताकद असते ती रंगमंचावर शोभेसाठी लावावयाची वस्तू नसून रंगमंचाचा कणा होऊ शकते, ही जाणीव त्यांच्या मनात या मुक्कामात रुजली असावी, असे मानण्यास जागा आहे. १९५४ साली दिल्लीस जाऊन त्यांनी नझीर अकबराबादी या कवीवर ‘आग्रा बाजार’ हे नाटक उभे केले, तेव्हा जामिया मिल्लियाच्या विद्यार्थ्यांबरोबर जवळच्या ओखला गावची सामान्य माणसेही त्यांनी रंगमंचावर आणली. पुढे जे घडावयाचे होते त्याची ही नांदी होय.

आता नाचाविषयी. छत्तीसगढचा ‘नाचा’ हा प्रकार महाराष्ट्रातील वाचकास, विशेषतः भंडारा, गोंदिया, गडचिरोली या बाजूच्या वाचकास, परका वाटण्याचे कारण नाही. कारण झाडीपट्टीतील खडी गंमत आणि हा नाचा यांची घरे एकमेकांस लागून आहेत. रात्री जेवणे उरकल्यावर खेळ सुरू व्हावयाचा आणि पहाट फुटेपर्यंत चालावयाचा. प्रहसनास तेथेही गम्मत म्हणूनच ओळखतात. आपल्या सोंगाड्याच्या जागी तेथे ‘जोक्कड’ असतो, आणि नाच्याच्या जागी स्त्रीवेष धारण करणारी ‘परी’. पूर्वी वाजविणारे आपापली वाद्ये कमरेस बांधून उभ्यानेच वाजवीत, म्हणून त्या जुन्या रीतीस ‘खडे साज’ असे नाव होते. १९२८ च्या सुमारास राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दाऊ मंदराजी, मूळ नाव दुलारसिंह साव, यांनी स्वतःची मंडळी उभारली, चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणली, वाजविणाऱ्यांस बैठक दिली आणि या कलेस नवे वळण लावले. मालगुजार घराण्यातला हा गृहस्थ नाचापायी आपला जमीनजुमला गमावून बसला आणि १९८४ साली दारिद्र्यात निवर्तला. आज त्याच्या नावाने छत्तीसगढ शासन लोककलावंतांस सन्मान देते. रवेली आणि रिंगणी या दोन गावांच्या मंडळ्यांतून जे नट तयार झाले त्यांतीलच काही पुढे नया थिएटरचे आधारस्तंभ झाले, म्हणून या संस्थेची वंशावळ लिहावयाची झाल्यास तिचे मूळ दिल्लीत नव्हे, तर रवेलीत शोधावे लागेल.

१९५५ साली तन्वीर नाट्यशिक्षणासाठी इंग्लंडला गेले. परंतु तेथल्या शिक्षणाहून अधिक खोल परिणाम त्यांच्यावर बर्लिनचा झाला. ब्रेख्त नुकताच निवर्तला होता, त्याची मंडळी त्याची नाटके करीत होती, आणि तन्वीर यांनी तेथे काही महिने राहून ती पाहिली. स्वदेशी परतल्यावर, १९५८ साली, ते रायपूरला घरच्यांस भेटावयास गेले असता, ज्या शाळेत आपण शिकलो तिच्याच पटांगणात नाचा होणार असल्याचे त्यांना कळले. रात्री नऊच्या सुमारास सुरू झालेला तो खेळ त्यांनी रात्रभर बसून पाहिला. ठाकूरराम, बाबूदास, भुलवाराम आणि मदनलाल हे नट त्या रात्री खेळत होते. खेळ संपताच तन्वीर त्यांच्याकडे गेले आणि दिल्लीस येता का, असे त्यांनी विचारले. मग गायक नट लालूराम आणि मोहरी वाजविणारा जगमोहन असे आणखी दोघे मिळाले, आणि या सहाजणांस घेऊन ते राजधानीत आले. बेगम कुदसिया झैदी यांच्या हिंदुस्तानी थिएटरसाठी त्यांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ ‘मिट्टी की गाडी’ या नावाने बसविले, त्यात हे सहाजण नागरी नटांच्या बरोबरीने उभे राहिले. संस्कृत नाटक खेड्यातल्या अशिक्षितांच्या तोंडी घातले, हा कित्येकांना विटाळ वाटला. वास्तविक ज्या प्रकरणात जुगारी, चोर, गाडीवान आणि गणिका यांचीच वर्दळ आहे त्यात दरबारी शालीनतेने वावरणारे नट शोभतात की रात्रभर गम्मत करणारे, याचा विचार आक्षेपकांनी करावयास हवा होता.

हिंदुस्तानी थिएटरशी लवकरच बिनसले आणि १९५९ साली, एका मोटारखान्याच्या जागेत तालमी घेत, नया थिएटरचा जन्म झाला. मोनिका मिश्र स्वतः नाट्यशिक्षण घेतलेल्या, दिग्दर्शनाची जाण असलेल्या. संस्थेच्या हिशेबापासून तालमींपर्यंत आणि नटांच्या आजारपणापासून पोशाखांपर्यंत त्यांनी २००५ साली निधन होईपर्यंत जे वाहिले त्याची दखल इतिहासकारांनी पुरेशी घेतलेली नाही. पहिले दशक मात्र, खरे बोलावयाचे तर, ओढाताणीचे गेले. मोलिएरच्या नाटकावरून केलेल्या रूपांतरापासून निरनिराळे प्रयोग झाले, काही गाजले, काही पडले, सहाजणांतले काही गावी परतले, काही पुन्हा आले. १९६९ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक आणि १९७२ साली राज्यसभेवर नियुक्ती, असे मानसन्मान दिग्दर्शकास मिळाले. परंतु ज्या नटांवर त्याने पैज लावली होती ते नट दिल्लीच्या रंगमंचावर अवघडलेलेच दिसत. गावच्या मांडवात ज्याच्या एका नजरेने शेदोनशे माणसे हसत, तो ठाकूरराम येथे शब्द चाचपडत उभा राही. तन्वीर यांना हे कोडे बरीच वर्षे सुटले नाही, आणि सुटले तेव्हा दोष आपलाच होता असे त्यांनी मोकळेपणाने नमूद करून ठेवले आहे.

दोष दोन होते. पहिला भाषेचा: हे नट छत्तीसगढीत जन्मले, छत्तीसगढीत हसले-रडले, आणि दिल्लीत त्यांच्याकडून हिंदी वदविली जात होती. दुसरा हालचालींचा: इंग्लंडात शिकलेली रीत अशी की नटाने अमुक वाक्यावर तिरपे चालत जाऊन अमुक जागी थांबावे, प्रकाश तेथेच पडेल, आणि हे आधीच कागदावर आखलेले असावे. नाचाच्या नटास तीन बाजूंनी प्रेक्षक असतात. ज्या बाजूने हशा येतो त्या बाजूस तो आपसूक वळतो, एखादा शेरा आला तर त्यास उत्तर देतो, एखादी जागा रंगली तर ती पुन्हा करतो. ज्यास वाचता येत नाही त्यास संहिता हातात देऊन आणि ज्याची चाल प्रेक्षकांच्या प्रतिसादावर ठरते त्यास खडूच्या रेघांवर चालवून आपण त्याची कला बांधून टाकली, हे तन्वीर यांच्या ध्यानात आले, आणि १९७० ते १९७३ या काळात त्यांनी क्रमाक्रमाने दोन्ही बंधने काढून टाकली. दिग्दर्शकाने नटास मोकळे केले, असे याचे वर्णन सर्वत्र केले जाते. आमच्या मते ते उलट बाजूने करणेही तितकेच खरे ठरेल: नटांनी बारा-पंधरा वर्षे निमूटपणे वाईट काम करून दिग्दर्शकाचे शिक्षण पुरे केले.

१९७३ साली रायपूर येथे नाचाच्या कलावंतांचे सुमारे महिनाभराचे शिबिर भरले. छत्तीसगढच्या निरनिराळ्या भागांतील मंडळ्यांचे शंभरावर कलावंत त्यात एकत्र आले. तेथे नवे नाटक लिहून आणलेले नव्हते. मंडळ्यांनी आपापल्या जुन्या गमती करून दाखवावयाच्या, पाहणाऱ्यांत इतर मंडळ्यांचे नट असावयाचे, आणि जे जमेल त्यातून पुढचे घडवावयाचे, एवढीच योजना होती. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या प्रहसनांतून तीन निवडण्यात आली: ‘छेरछेरा’, ‘बुढवा बिहाव’ आणि ‘देवारिन’. पहिल्यात पौषी पौर्णिमेस दारोदारी नवे धान्य मागण्याच्या सणाची मौज, दुसऱ्यात म्हाताऱ्याने पैशाच्या जोरावर तरुण मुलीशी लग्न लावण्याची थट्टा, तिसऱ्यात भटक्या देवार जमातीचे गाणेबजावणे. तिन्हींची गाठ घालून एकच कथा करावयाची ठरली, तेव्हा झंगलू आणि मानती ही जोडी पुढे आली. सणात धान्य मागताना दोघांचे मन जडते. मानतीचा बाप पैशाच्या लोभाने तिला म्हाताऱ्या सरपंचास देतो. आणि झंगलू आपल्या सवंगड्यांसह देवारांचा वेष घेऊन, गौरा-गौरीच्या उत्सवाच्या गर्दीत, तिला सोडवून आणतो. सांधे जुळविण्यासाठी जेथे प्रसंग हवा होता तेथे नटांस केवळ परिस्थिती सांगितली जाई आणि ते तो उभ्या उभ्या रचीत. जो बरा वाटे तो दुसऱ्या दिवशी पुन्हा करावयास लावला जाई, आणि तीन-चार वेळांत तो पक्का होई. गाणी बहुतेक पारंपरिक, जी कमी पडली त्यांसाठी स्थानिक कवी बसविले. ‘गाँव के नाँव ससुरार, मोर नाँव दमाद’ हे नाव घेऊन हे नाटक प्रथम रायपुरास आणि मग दिल्लीस लोकांपुढे आले. संपूर्ण छत्तीसगढीत असूनही दिल्लीकरांनी ते डोक्यावर घेतले.

याच सुमारास, १६ डिसेंबर १९७२ रोजी, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला होता, हे येथे सहज स्मरते. दोन्ही ठिकाणी लोकपरंपरेने नागर रंगभूमीस नवे बळ दिले, आणि दोन्हींची एकत्र गणना करण्याचा प्रघात आहे. परंतु भेदही मोठा आहे. पुण्यात शिकलेल्या तरुणांनी कोकणातील खेळ्यांची, कीर्तनाची, लावणीची रीत आत्मसात करून ती विलक्षण कौशल्याने वापरली. रायपुरात रीत ज्यांची होती तेच रंगमंचावर होते, आणि शिकावे लागले ते दिग्दर्शकास. लोकनाट्याच्या आकृतिबंधापेक्षा लोकनटाचे आपणास आकर्षण आहे, असे तन्वीर यांचे म्हणणे असे, आणि या एका भेदामुळे नया थिएटरची नाटके इतर मंडळ्यांस सहजासहजी उचलता आली नाहीत.

‘चरणदास चोर’ची जन्मकथा याहून विस्ताराने सांगण्याजोगी आहे. मूळ कथा राजस्थानातील बोरुंदा गावचे विजयदान देथा यांनी लोकमुखातून घेऊन लिहिलेली. एक चोर गुरूपुढे थट्टेच्या भरात चार प्रतिज्ञा करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, आणि कोणी देऊ केले तरी राजा होणार नाही. चोराच्या वाट्यास यांतले काही कधी येणारच नाही, म्हणून या प्रतिज्ञा त्यास फुकटच्या वाटतात. गुरू मात्र पाचवी प्रतिज्ञा पदरी बांधतो: खोटे बोलणार नाही. मग एकामागून एक चारही गोष्टी त्याच्यापुढे चालून येतात आणि तो प्रत्येक नाकारतो. १९७४ साली भिलाई येथे शिबिर भरले तेव्हा तन्वीर यांनी ही कथा नटांपुढे ठेवली. तेथे तिला अनपेक्षित असा आसरा मिळाला तो सतनामी समाजाचा. गुरू घासीदास यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सत्य हेच ईश्वराचे नाव असल्याचे सांगून जातिभेदाने दडपलेल्या लोकांचा हा पंथ उभारला. त्यांची पंथी गीते आणि पंथी नृत्य छत्तीसगढात घरोघरी ठाऊक आहेत. सत्यासाठी मरणारा चोर आणि सत्यास ईश्वर मानणारा समाज यांची गाठ पडताच नाटकास त्याचे संगीत सापडले. शिबिराच्या शेवटी ‘चोर चोर’ या नावाचा, तासाभरापेक्षाही लहान असा कच्चा खेळ भिलाईच्या मैदानात सतनामींच्या मोठ्या जमावापुढे झाला, आणि त्या जमावाने तो आपला मानला. त्यानंतर तालमी होत गेल्या, प्रसंग वाढले, काही गळले. स्वर्णकुमार साहू आणि गंगाराम सखेत या कवींनी गीते रचली. आणि १९७५ साली दिल्लीस ‘चरणदास चोर’ या नावाने पूर्ण नाटक उभे राहिले.

नटांनी त्यात काय घातले हे एका प्रसंगाने दाखविता येईल. राज्याच्या खजिन्यात शिरलेला चरणदास केवळ आपली करामत दाखविण्यासाठी पाच मोहरा उचलतो आणि उरलेल्यांस हात लावीत नाही. चोरी उघडकीस येते तेव्हा दहा मोहरा कमी भरतात, कारण चोरीची संधी साधून खजिनदाराने आणखी पाच खिशात घातलेल्या असतात. राणीपुढे उभा राहून चोर पाचांची कबुली देतो. दहांचा हिशेब लागत नाही. आणि प्रेक्षकांस जे कधीच कळले आहे ते दरबारास हळूहळू कळत जाते. कथेत हा प्रसंग चार ओळींचा. रंगमंचावर हवालदाराची घाई, खजिनदाराची घालमेल आणि चोराचा तो निष्पाप, जवळजवळ कंटाळलेला स्वर यांमुळे तो लांबत, फुलत जाई, आणि कोठे थांबावयाचे हे त्या त्या गावच्या हशावर ठरे. मालगुजाराच्या कोठारातून धान्य काढून गरिबांस वाटण्याचा प्रसंग तर नटांच्या अंगचा होता. मालगुजारी म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगावयाचे नव्हते. शेवटी राणी त्यास लग्नाची गळ घालते, तो नाकारतो. निदान ही गोष्ट बाहेर बोलू नकोस म्हणते, तर खोटे बोलण्याची ती वाट तो घेऊ शकत नाही. आणि त्याचा वध होतो. हसतखेळत चाललेले नाटक एका क्षणात मृत्यूवर येऊन आदळते. मूळ कथा चोराच्या मरणानंतरही पुढे जाते. नाटकाने ती तेथे तोडली.

पहिला चरणदास मदनलाल निषाद, पहिली राणी फिदाबाई मरकाम. मदनलाल हा जुना नाचाचा नट, जोक्कडाच्या कामात मुरलेला. चोराचे काम त्याने नायकाच्या थाटाने केले नाही, तर गावातल्या एखाद्या उनाड पण सरळ माणसाच्या बोलीने केले, आणि पुढे गोविंदराम निर्मलकर, दीपक तिवारी आदींनी तीच भूमिका आपापल्या वळणाने केली तरी तो पाया राहिला. फिदाबाई देवार जमातीची. नाचात स्त्रीभूमिका पुरुषच करीत; देवार स्त्रिया मात्र आपल्या जमातीच्या रीतीने गात-नाचत आलेल्या, आणि नया थिएटरने फिदाबाई, मालाबाई आदींस रंगमंचावर आणून नाचाच्या परंपरेतही एक नवी गोष्ट केली. फिदाबाईच्या राणीत मत्सर, अधिकार आणि एकटेपणा यांचे असे मिश्रण असे की, चोराचा वध करविणाऱ्या त्या बाईचाही प्रेक्षकास संताप येत नसे. देवीलाल नाग हार्मोनियमवर बसत. संगीताचा सारा संसार त्यांच्या बोटांवर चाले. लालूरामाचा गळा, भुलवारामाचे नाचणे आणि गाणे, ठाकूररामाचा विनोद यांची वर्णने जुन्या प्रेक्षकांकडून ऐकावीत. छापील समीक्षेत ती उतरलेली नाहीत. १९७५ सालीच श्याम बेनेगल यांनी बालचित्र समितीसाठी हाच विषय घेऊन चित्रपट काढला, त्यात चोर झाला तो लालूराम, आणि राजकन्येच्या भूमिकेत स्मिता पाटील हिचे चित्रपटात पदार्पण झाले. महाराष्ट्रात त्या चित्रपटाची आठवण निघते ती स्मितामुळे; तिच्यासमोर उभा असलेला तो सावळा, मिस्किल नट कोण, हे विचारणारा क्वचित भेटतो.

१९७८ सालचे ‘बहादूर कलारिन’ हे या रीतीने घडलेले तितकेच महत्त्वाचे, परंतु तुलनेने कमी प्रसिद्ध नाटक. बालोद भागात दारू विकणाऱ्या एका कलारिनीची दंतकथा सांगतात. राजापासून झालेला तिचा मुलगा छछान एकामागून एक लग्ने करीत सुटतो, लोक त्या बायकांची संख्या ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, अशी एकशे सव्वीस सांगतात, आणि त्याच्या असमाधानाचे मूळ अखेर आईपाशी येऊन पोहोचते. ग्रीक शोकनाट्यास शोभावा असा हा विषय गावच्या नटांनी संकोच न बाळगता पेलला, आणि तेही मुखोद्‌गत कथेवरून उत्स्फूर्त रचना करीत. फिदाबाईचे हे काम तिच्या सर्व कामांत थोर मानले जाते. त्याच वर्षी ब्रेख्तच्या नाटकावरून केलेल्या ‘शाजापूर की शांतिबाई’तही तीच होती. बर्लिनमध्ये पाहिलेले आणि राजनांदगावात ऐकलेले यांचा असा मेळ एका नटीच्या ठायी पडावा, हे या संस्थेचे खरे वैभव.

येथे एका नाजूक प्रश्नास हात घालणे प्राप्त आहे. नाटके सर्वांनी मिळून रचली, तर कर्तृत्व कोणाचे? छापील पुस्तकावर नाव तन्वीर यांचे. त्यास आधार आहे: कथा निवडली त्यांनी, कोणता प्रसंग ठेवावा आणि कोणता टाकावा याचा निवाडा केला त्यांनी, गाणी कोठे यावीत हे ठरविले त्यांनी, आणि उत्स्फूर्त रचनेच्या ढिगातून नाटक वेगळे काढण्याचे काम नटांच्या हातून झाले नसते. परंतु तन्वीर हे मालक नसून केवळ सूत्रधार होते, असेही म्हणवत नाही. संस्था त्यांच्या घरात चाले, दिल्लीत बेरसराय येथे आणि नंतर भोपाळात. दरमहाचे वेतन, दौऱ्यांचे करार, परदेशचे आमंत्रण, सारे त्यांच्या हाती. नट शेतीच्या हंगामात गावी जात, परतताना दहा दिवस उशीर करीत, मद्य पीत, रुसत. दिग्दर्शक रागावत, काढून टाकीत, पुन्हा बोलावीत. हा संसार समतेच्या आदर्शावर उभा नव्हता. तो एका कर्त्या पुरुषाच्या एकत्र कुटुंबासारखा होता, आणि त्यातील आपुलकी आणि अन्याय दोन्ही त्याच जातीचे होते. वेतन तुटपुंजे राही. उतारवयात गावी परतलेल्या कित्येकांस हलाखीचे दिवस पाहावे लागले. नाटकाच्या पुस्तकावर सर्वांची नावे घातल्याने ही गोष्ट बदलली असती असे नव्हे. पण मानधनाचा प्रश्न कर्तृत्वाच्या प्रश्नाशी जोडलेला आहे, आणि लोककलेच्या गौरवाच्या भाषणांत तो जोडला जात नाही, एवढे नोंदविणे भाग आहे.

पुढील काळ संक्षेपाने सांगतो. १९८२ च्या एडिंबरा महोत्सवानंतर संस्था जगभर हिंडली. १९९३ साली शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’वरून ‘कामदेव का अपना, बसंत ऋतु का सपना’ झाले, आणि राजाच्या लग्नात नाटक करण्याची हौस असलेल्या त्या सुतार-विणकरांच्या भूमिका खऱ्याखुऱ्या गावकरी नटांनी केल्या. शेक्सपिअरचे ते कारागीर इतके घरचे यापूर्वी कोठे वाटले असतील, अशी शंका येते. ‘पोंगा पंडित’ ही तर नाचाच्या नटांनीच १९३० च्या दशकात रचलेली ‘जमादारिन’ नावाची जुनी गम्मत. अस्पृश्यतेवरील तिच्या टीकेस गावोगाव पन्नास-साठ वर्षे लोक हसत आले होते. १९९२ च्या डिसेंबरनंतर मात्र तिच्या प्रयोगांवर हल्ले होऊ लागले, आणि २००३ साली मध्य प्रदेशात ते पुन्हा झाले. खुर्च्या फेकल्या गेल्या, दिवे घालविले गेले, आणि नट खेळत राहिले. या वेळी दिग्दर्शक ऐंशी वर्षांचा होता. रामचरण निर्मलकर, गोविंदराम, पूनमबाई, उदयराम ही पुढची फळी या काळात संस्था वाहत होती. रामचरण यांस चित्रपटरसिक ‘बँडिट क्वीन’मधील फूलनचा बाप म्हणून ओळखतात. गोविंदराम यांना २००९ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१४ साली ते निवर्तले.

२००९ च्या जूनमध्ये तन्वीर गेले आणि त्यांची कन्या नगीन हिने मंडळी पुढे चालविली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात छत्तीसगढ शासनाने ‘चरणदास चोर’च्या पुस्तकास प्रतिबंध केला, पुस्तकातील काही मजकुरामुळे आपल्या समाजाची अप्रतिष्ठा होते, असा आक्षेप सतनामी समाजातील काही धुरीणांनी घेतला होता. भिलाईच्या मैदानात त्याच समाजाच्या जमावापुढे हे नाटक जन्मास येऊन तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती, आणि मधल्या काळात पंथीच्या तालावर त्याचे प्रयोग गावोगाव होऊन गेले होते. आक्षेप पुस्तकाच्या छापील शब्दांवर होता. नाटक त्यापूर्वीच पुस्तकाबाहेर, नटांच्या तोंडी, पुष्कळ दूर गेलेले होते, आणि मदनलालने बांधलेली चरणदासची ती बोलकी चाल नया थिएटरच्या नंतरच्या नटांनी एकमेकांकडून पाहून घेतली होती.